सगळ्यांचे आभार, माझे सोडून

ताई,

मागच्या शुक्रवारी तुझ्या अंत्यविधीला माझ्याआधी दुसऱ्याच एका बाईने तुला बहीण म्हटलं.

क्रेमॅटोरियमच्या त्या छोट्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत बसले होते. काय बोलायचं ते घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पण माझ्याआधी तुझी ऑस्ट्रेलियाची डेनीस उठली. अंगात हिरवा कोट, पांढरे केस मागे बांधलेले. तिने तुझ्या पेटीवर दोन्ही तळहात ठेवले आणि म्हणाली, "माय सिस्टर." बस. तुझं नावसुद्धा घेतलं नाही. मागे तुझे ते सगळे व्हॉलंटियर्स बसले होते, त्यांच्यातून हुंदके ऐकू आले. मग मी उठले. मनात आलं, आता मी "माझी बहीण" म्हटलं तर हिचीच नक्कल केल्यासारखं होईल. म्हणून मी सुरुवात केली, "निर्मला वॉज अ डेडिकेटेड नर्स..." आणि शेवटपर्यंत तशीच बोलत राहिले. गाडीत बसल्यावर अविनाश म्हणाला, "अगं शैला, कुणाला नोकरीसाठी रेफरन्स दिल्यासारखी बोललीस तू."

मला रडू त्या वाक्यावर आलं. आधी नाही.

खरं सांगू का, मला तुझा हेवा कधीच वाटला नाही. शाळेत पहिली मी यायचे, डॉक्टर मी झाले, आई चारचौघांत कौतुक करायची ते माझंच. मी जळायचे ते तुझ्या माणसांवर. मिरजेला शाळेच्या आधी तू माझ्या वेण्या घालायला बसायचीस, की शेजारच्या मुली आपापले कंगवे घेऊन हजर. "निर्मलाताई, माझ्यापण!" एकीलाही तू कधी नाही म्हणाली नाहीस. त्या ताटकळत उभ्या म्हणून माझा भांग घाईघाईत पडायचा, हमखास वाकडा. त्यांचे मात्र सरळ, कारण दुसऱ्याच्या मुलीला असंतसं कसं पाठवायचं? मी एकदा आईकडे तक्रार केली तर आई म्हणाली, "तू काय, घरातलीच आहेस."

पुढे तू नर्स होऊन ग्लासगोला आलीस. मी एमबीबीएस झाले आणि तुझ्यामागून आले. सगळ्यांना सांगितलं की पुढच्या परीक्षांसाठी चाललेय. खरं कारण तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि वर्ष व्हायच्या आत तू ऑस्ट्रेलियाच्या पार मधोमध, वाळवंटातल्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात नोकरी धरलीस. स्टेशनवर मला म्हणालीस, "दोन वर्षांचंच काँट्रॅक्ट आहे गं." त्या दोन वर्षांत तुझं लग्न झालं, तिथलं नागरिकत्व झालं, रिटायरमेंट झाली. मला तुझे फोटो यायचे. लाल माती, पत्र्याचं छप्पर, आणि तुझ्याभोवती माणसंच माणसं. कुणाचं पोर तुझ्या कडेवर, कुणी म्हातारी तुझ्या खांद्याला टेकलेली. मी प्रत्येक फोटोत आधी तुला शोधायचे आणि मग तुझ्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचे. बहुतेक वेळा एकच बाई असायची. तीच डेनीस, हे मला फार पुढे कळलं.

भाऊजी गेले आणि तू ते घर आवरून लंडनला, माझ्या आणि अविनाशच्या एजवेअरच्या घरी राहायला आलीस. मीही नुकतीच प्रॅक्टिसमधून रिटायर झाले होते. मला वाटलं, आता कुठे माझा नंबर लागला. तुझ्यासाठी मी बागेकडची खोली रंगवून घेतली. सकाळचा चहा दोघींनी कन्झर्व्हेटरीत घ्यायचा, बुधवारी कुठेतरी बाहेर जायचं, दुपारी आडवं पडून मराठी मालिका बघायच्या, असं सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. पहिला महिना तसा गेलाही. त्या महिन्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तेवढ्या महिन्यात तू फक्त माझी होतीस.

मग ते सार्वमत आलं.

ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना राज्यघटनेत मान्यता द्यायची आणि त्यांचं म्हणणं पार्लमेंटपुढे मांडणारं त्यांचं स्वतःचं एक मंडळ नेमायचं, की नाही? मतपत्रिकेवर "हो" किंवा "नाही" एवढंच लिहायचं होतं. लंडनमध्ये राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन लोकांनाही मत होतं, तुलाही होतं. मला नव्हतं. तू कुठल्याशा मीटिंगला म्हणून गेलीस आणि संध्याकाळी परत आलीस ती कोटावर भलामोठा "येस"चा बिल्ला लावून. गालांवर रंग चढला होता. भाऊजी गेल्यापासून तुझा असा चेहरा मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळे झाला नव्हता.

त्यानंतर तू घरात दिसेनाशी झालीस. फोन लाव, पत्रकं वाट, मतदान केंद्रापाशी उभी राहा, स्टुडंट लोकांना समजावून सांग. बुधवार गेले. मालिका मी एकटी बघायला लागले आणि रात्री जेवताना तुला आधीची गोष्ट सांगायला लागले, तर तू मान डोलवत फोनमध्ये टाइप करत असायचीस. शेवटी एक दिवस भाजी चिरता चिरता मी म्हणाले,

"ताई, तू तो देश सोडून आलीस ना? आता तिथे काय का होईना."

"आले म्हणून काय झालं?"

"आणि तू मुळात तिथली तरी कुठे आहेस? तू तिथे पाहुणी, मी इथे पाहुणी. आपण कशाला पडायचं त्यात?"

तू सुरी खाली ठेवलीस. "शैले, डेनीसच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. वस्तीत डायलिसिस नव्हतं. तिला शहरात पाठवलं, विमानाने जावं लागतं एवढं लांब. म्हातारीला तिथली भाषा येईना, जेवण जाईना. घरी न्या म्हणून रडायची. तिथेच गेली. आणि मशीन कुठे बसवायचं हे ठरवताना त्या वस्तीतल्या एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे होते. मलाही कुणी विचारलं नाही, पण मी निदान पगार घेत होते. कुणीतरी त्यांना विचारलं पाहिजे गं. एवढंच मागणं आहे."

डॉक्टर म्हणून मला ते पटत होतं. पण मी बोलले ते मनात होतं तेच. "आणि मी? मी इथे आहे, त्याचं काय?"

"तू आहेसच की," तू म्हणालीस आणि पुन्हा सुरी उचललीस.

हा वाद आपण पुरा केलाच नाही. "आहेसच" म्हणजे काय, ते मला तुला विचारायचं होतं. भिंत असते तशी आहे? की श्वास असतो तशी? दोन्हींत फरक आहे, ताई.

डेनीस तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला लंडनला आली होती. तू तिला घरी घेऊन आलीस. मी तिला हॅलो केलं, तिने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. तुला ती "सिस्टर" म्हणायची. मला वाटलं, नर्स म्हणून म्हणत असेल. आमच्याही हॉस्पिटलात जुने लोक वॉर्डच्या नर्सला सिस्टरच म्हणायचे. मी कौतुकाने हसले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या व्हॉलंटियर्सना बोलावलं होतं. लंडनचं काम संपलं होतं, उद्या सकाळी आपण उठेपर्यंत तिकडचं मतदान उरकून मोजणी लागलेली असणार होती. तू मला म्हणालीस, "शैले, बटाटेवडे करशील? तुझ्या हातचे." मी दिवसभर वडे तळले. साडीला, केसांना, पडद्यांना तेलाचा वास. त्या हॉलच्या मागच्या किचनमध्ये मी ट्रे मांडत होते आणि खिडकीच्या झडपेतून तुला बघत होते.

तू कागद न घेता बोललीस. तुझं इंग्रजी शेवटपर्यंत मिरजेचंच राहिलं आणि तिथे ते कुणालाच खटकत नव्हतं. पर्थहून शिकायला आलेला तो उंच लियम, त्याला म्हणालीस, तू पावसात उभा राहिलास आणि स्वतःची छत्री एका "नाही" म्हणणाऱ्या आजोबांना दिलीस. लायब्ररीत काम करणाऱ्या हेलनला म्हणालीस, तुझा आवाज बसला तरी तू फोन खाली ठेवला नाहीस. कुणी काय केलं, कुणाला कोण काय लागट बोललं आणि तो कसा गप्प राहिला, सगळं तुझ्या ध्यानात होतं. "उद्या काहीही होवो," तू म्हणालीस, "तुम्ही परक्या शहरात, आपापली सुटी टाकून, ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माणसांसाठी उभे राहिलात. हे मी बघितलंय." लोक डोळे पुसत होते. मग तू डेनीसला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, "हिचे आभार मानत नाही. ही माझी बहीण आहे. तिच्या घरच्यांनी मला त्यांच्या नात्यात घेतलं, तेव्हापासून आहे."

तेव्हा मला त्या "सिस्टर"चा अर्थ कळला. हातात चिमटा होता. मी तो ट्रेवर ठेवला की टाकला, आठवत नाही, पण आवाज झाला आणि सगळ्यांनी किचनकडे बघितलं. मला वाटलं, आता तू म्हणशील, आणि ती बघा, ती माझी... तू म्हणालीस, "अँड नाऊ, फूड इज रेडी!"

वडे झटक्यात संपले. लियम दोन वडे घेऊन माझ्यापाशी आला. "हे अमेझिंग आहेत. तुम्ही निर्मलाला कशा ओळखता?"

"शी इज माय सिस्टर," मी म्हणाले.

तो मनापासून हसला. "ओह, शी इज एव्हरीबडीज सिस्टर!"

घरी येताना अविनाश गाडी चालवत होता. मी पुढे, तू मागे. मी आरशात तुझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्यांचे आभार मानलेस. छान बोललीस."

"मग?"

"माझे राहिले."

"तुझे?" तुला खरंच कळलं नव्हतं. "तुझे कसले आभार मानायचे? वेडी आहेस का? घरच्या माणसाचे आभार मानतं का कुणी?"

"डेनीसबद्दल निदान बोललीस तरी."

"अगं, तिचं त्या लोकांना माहीत नव्हतं म्हणून सांगितलं."

"आणि माझं माहीत होतं? तो मुलगा मला विचारत होता मी तुला कशी ओळखते!" अविनाशने रेडिओचा आवाज वाढवला. मी तो बंद केला. "ताई, एक दिवस मला परकं कर. एकच दिवस. मग मलाही म्हण, शैला, तू दिवसभर उभी राहिलीस, हे मी बघितलंय."

गाडी दारात लागली, तू उतरलीस, आणि आत जाताना माझ्या पाठीवर ठेवायला हात पुढे केलास. मी पर्समध्ये किल्ली शोधायच्या निमित्ताने बाजूला झाले.

शनिवारी सकाळी मी खाली आले तर तू डायनिंग टेबलाशी बसली होतीस, फोन पालथा. "नाही आलं," म्हणालीस. निकालाचं सांगत होतीस. इतक्या लवकर, इतकं स्पष्ट "नाही" येईल असं तुलाही वाटलं नसावं. आदल्या रात्रीचं भांडण माझ्या ओठावर होतं, पुढचं वाक्यसुद्धा तयार होतं. ते मी गिळलं. तुला चहा दिला. तू तो घेतला नाहीस.

थोड्या वेळाने बेल वाजली. डेनीस ट्यूबने आली होती, एकटीच. तुम्ही दोघी बागेच्या पायरीवर जाऊन बसलात. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं होतं, तू तिची समजूत काढशील. पण रडत तूच होतीस आणि ती तुझी पाठ चोळत होती. देश तिचा, नकार तिला मिळालेला, आणि पाठ ती तुझी चोळत होती. बराच वेळ दोघी एक शब्द बोलला नाहीत. खांद्याला खांदा लावून नुसत्या बसून होतात. ताई, त्या वेळी मला जेवढी असूया वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. तुझ्याशेजारी असं नुसतं बसणं मला कधी जमलंच नाही. मी सतत बोलत राहायचे, तू उठून जाशील या भीतीने.

त्या दिवसानंतर आदल्या रात्रीचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. तुझ्या हरण्यापुढे माझं दुखणं फारच बारीक दिसत होतं. पुढे तुझंच दुखणं निघालं, आणि मग तर सगळं राहूनच गेलं.

त्या आजारपणात मी तुझ्याजवळ होते. औषधं, उशा, रात्रीची कूस बदलणं. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट एक भयंकर गोष्ट सांगते, मला बरं वाटायचं. तू कुठे जाऊ शकत नव्हतीस. आणि मग डेनीस आली, तुझं कळल्यावर जगाच्या त्या टोकाहून. ती खोलीत शिरली आणि तू उशीवरून डोकं उचललंस. डॉक्टर म्हणून मला माहीत होतं की त्याला किती ताकद लागली असेल. तेवढी ताकद तू माझ्यासाठी कधी काढली नव्हतीस. काढायची गरजच नव्हती म्हणा. मी कायम तिथेच होते.

तुझ्या शेवटच्या दिवसांत एकदा मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "शैले, दमलीस का गं?" मी म्हणाले, "छे." आत्ता वाटतं, हो म्हणायला हवं होतं. दमले, म्हणायचं होतं. म्हणजे तू पुढे काहीतरी बोलली असतीस. तू तोंड उघडलं होतंस. पण मी "छे" म्हणाले आणि तू झोपी गेलीस.

आणि मी तरी काय बोलले होते? माझं मूल पोटातच गेलं त्या वर्षी तू कुणाला न विचारता विमानात बसून आलीस. मला मऊ भात भरवलास, न्हाऊ घातलंस. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि तू खुर्चीत बसून विणत असायचीस. तू परत गेलीस तेव्हा मी एअरपोर्टवर म्हणाले, "पोचलीस की फोन कर." एवढंच. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. घरच्या माणसाचे कोण मानतं?

काल तुझ्या अस्थी आणल्या. डेनीसने अंत्यविधीच्या दिवशीच, चहाच्या वेळी, मला हळूच विचारलं होतं, थोड्या मला देशील का? तिकडच्या वडीलधाऱ्यांना तिने विचारून ठेवलं होतं. दवाखान्यामागच्या कोरड्या नदीत जागा द्यायला ते तयार होते. मी तिला "बघते" म्हणाले होते. आठवडाभर बघत होते. मनात फक्त एकच यायचं, सगळं तिला दिलंस तू, आता एवढ्यासुद्धा? मला तुला अख्खी कृष्णेवर न्यायचं होतं.

काल मीच तिला फोन करून बोलावलं. का, ते नीट सांगता येणार नाही. घरात तू त्या प्लॅस्टिकच्या बरणीत होतीस आणि मला कुणाजवळ तरी तुझ्याबद्दल बोलायचं होतं, आणि फोनमधली सगळी नावं बघून झाल्यावर असं माणूस एकच उरलं.

ती आली. मी चहा केला. आणि मी तिला सरळच विचारलं, "त्या दिवशी तू तिचं नाव का घेतलं नाहीस?"

"आमच्यात माणूस गेल्यावर काही काळ नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "नाव घेतलं तर त्याला जाता येत नाही. म्हणून मी नुसतं सिस्टर म्हटलं." मग कपात बघत म्हणाली, "तुला राग आला होता. मला दिसला."

"मला तुझा राग ती ऑस्ट्रेलियात गेल्यापासून येतोय," मी म्हणाले.

डेनीस मोठ्याने हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "ती सगळं आवरून इकडे यायला निघाली ना, तेव्हा मी विचारलं, का जातेस? इथे आम्ही आहोत. ती म्हणाली, 'आय अॅम गोइंग टू माय सिस्टर.' असं म्हणाली, माझ्या तोंडावर. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. विमानतळावर सोडायलाही गेले नाही. मला वाटलं, मग मी कोण होते इतकी वर्षं?"

ताई, तू हे मला का सांगितलं नाहीस गं? एकदा जरी तुझ्या तोंडून ऐकलं असतं. पण तुझं हे असंच. तुला जे वाटायचं ते तू त्या त्या माणसाला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलंस.

मग आम्ही टेबलावर जुना पेपर पसरला. मी स्टीलचे दोन डबे काढले, सारखेच, घट्ट झाकणाचे. बरणी उघडली. तू अगदी करड्या वाळूसारखी होतीस. डेनीसने डोळे मिटले, मी चमच्याने घालायला लागले, एक तिच्या डब्यात, एक माझ्या. दोघींनाही काही बोलायचं नव्हतं आणि मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली नाही. शेवटी शेवटी माझा हात आपोआप माझ्याच डब्याकडे वळायला लागला. एकदा. मग आणखी एकदा. मी वर बघितलं तर डेनीसचे डोळे उघडे होते.

तिने आपला डबा जवळ ओढला, त्याचं झाकण घट्ट लावलं आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

— शैला